कपाळावरचा आकडा आणि वहीतला आकडा

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. शिरूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या फाटकापाशी आम्ही सकाळी साडेसातच्या सुमारास उभे होतो. ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले होते. घोडनदीच्या बाजूने गार वारा येत होता. फाटकात टेबल, टेबलावर सॅनिटायझरची बाटली, नोंदवही आणि ती सर्वांच्या परिचयाची झालेली पांढरी टेंपरेचर गन. एक शिक्षक प्रत्येक मुलाच्या कपाळासमोर गन धरत होते, शेजारी बसलेली सातवीतील एक मुलगी वहीत आकडा लिहीत होती. आम्ही सहज वाकून पाहिले. गनच्या पडद्यावर कधी 'लो' अशी अक्षरे उमटत होती, कधी ३३.९ असा आकडा. वहीत मात्र ३६.४, ३६.५, ३६.४, ३६.३ अशी शिस्तीत रांग लागली होती.

आम्ही विचारले तेव्हा शिक्षक ओशाळून म्हणाले, "सर, थंडीत मशीन 'लो'च दाखवतं. 'लो' लिहिलं तर वरून विचारणा होते. रकाना रिकामा ठेवला तरी होते. म्हणून नॉर्मल लिहून टाकतो."

त्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्यांच्या हातात उपकरण दिले गेले, रकाने आखलेली वही दिली गेली. उपकरण काय मोजते आणि काय मोजत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्या मुलीचा विचार आमच्या मनातून जाईना. विज्ञानाच्या उपकरणाने घेतलेली, आयुष्यातली बहुधा पहिली नियमित निरीक्षणे ती नोंदवत होती. आणि निरीक्षण म्हणजे दिसेल ते नव्हे, चालेल ते लिहायचे, असा धडा तिला रोज सकाळी मिळत होता.

ती साथ ओसरली. गन मात्र राहिल्या. शाळांच्या कपाटांत, ग्रामपंचायतींत, कारखान्यांच्या फाटकांवर त्या अजून आहेत आणि ताप-सर्दीचे दिवस आले की बाहेर निघतात. म्हणून या उपकरणाचे, त्याच्या माहितीपत्रकाचे आणि आपण ते ज्या तऱ्हेने वापरले त्या तऱ्हेचे थोडे परखड परीक्षण आज करावे, असे आम्हाला वाटते.

गन नेमके काय करते?

कोणताही पदार्थ, मग तो कितीही थंड असो, आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकत असतो. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तेच अवरक्त किरण. पुढे १८७९ मध्ये स्टेफान यांनी आणि १८८४ मध्ये बोल्ट्झमान यांनी दाखवून दिले की बाहेर पडणारी ही ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. वीन यांच्या नियमाने गणित केले तर आपल्या त्वचेतून निघणारे प्रारण सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वांत प्रबळ असते. म्हणूनच ही उपकरणे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात काम करतात.

गनच्या तोंडाशी असलेले भिंग किंवा नळी हे किरण आतल्या थर्मोपाइल नावाच्या संवेदकावर पाडते. संवेदक किंचित तापतो आणि सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थर्मोपाइल फक्त फरक ओळखतो: समोरून येणाऱ्या उष्णतेतला आणि स्वतःच्या तापमानातला. स्वतःचे तापमान मोजण्यासाठी गनच्या पोटात आणखी एक छोटा संवेदक असतो. दोहोंची बेरीज-वजाबाकी करून पडद्यावर आकडा येतो. म्हणजे गन स्वतःच थंडगार किंवा तापलेली असेल, तिच्या अंगात एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असेल, तर हिशेबाची पायरीच डळमळते. शिरूरच्या त्या टेबलावर रात्रभर गारठलेल्या कपाटातून काढलेली गन आणि थंड वाऱ्यात चालत आलेल्या मुलांची गार कपाळे, अशी दोन्हींची गाठ पडली होती. 'लो' हे उत्तर खोटे नव्हते. त्या परिस्थितीत ते बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर होते!

अफवेला आपण दिलेले उत्तर

२०२० मध्ये एक अफवा मोबाइलवरून घरोघर फिरली: कपाळावर रोखलेल्या गनमधून निघणारे अवरक्त किरण मेंदूतील ग्रंथीला इजा करतात. परिणाम असा झाला की अनेक ठिकाणी कपाळाऐवजी मनगटावर किंवा तळहातावर गन धरली जाऊ लागली.

यावर आम्हा विज्ञानाच्या लोकांनी काय केले? 'घाबरू नका, सुरक्षित आहे' एवढे सांगून मोकळे झालो. ही आमची चूक होती. कारण 'सुरक्षित आहे' हेही एक विधानच. ज्याचा अफवेवर विश्वास आहे त्याने आमच्यावर का ठेवावा? कारण सांगायला हवे होते आणि ते कारण शाळेतल्या मुलालाही कळण्याजोगे आहे. ३३ अंश सेल्सिअस तापमानाची त्वचा दर चौरस मीटरमागे सुमारे ४९० वॉट इतके प्रारण बाहेर टाकते. ३० अंशांची वर्गाची भिंतही सुमारे साडेचारशे वॉट टाकत असते. आपण जन्मभर या भिंतींच्या, जमिनीच्या, माणसांच्या अवरक्त किरणांत न्हात असतो. गन ही त्या भिंतीइतकीच, पण तिच्या मानाने चिमुकली वस्तू आहे. ती कपाळावर काहीही सोडत नाही. कपाळाने सोडलेले टिपते. कॅमेरा चेहऱ्याचे चित्र घेतो तेव्हा चेहऱ्यात काही शिरत नाही, तसेच हे.

मात्र एक सावधगिरी खरी आहे आणि ती अफवेच्या गदारोळात मागे पडली. कारखान्यात यंत्रांचे तापमान मोजण्यासाठी मिळणाऱ्या गनमध्ये नेम धरण्यासाठी तांबडा लेसर असतो. हा लेसर तापमान मोजत नाही, केवळ जागा दाखवतो. त्याची शक्ती बहुधा एक मिलिवॉटपेक्षा कमी असते, तरीही तो डोळ्यात जाता कामा नये. लेसर असलेली गन माणसाच्या चेहऱ्यावर रोखू नये, हा नियम अपवादाविना पाळावा. चकचकीत भांडे किंवा आरसा यांवरही लेसर टाकू नये. परावर्तित किरणही डोळ्यात जाऊ शकतो.

आणि मनगटाचे काय? मनगट हवेत उघडे असते, सायकलच्या मुठीवर गारठते, नुकत्याच धुतलेल्या हातावर पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड होते. गनच्या आतले गणित कपाळासाठी बेतलेले असताना ती मनगटावर धरणे म्हणजे पायलीचे माप घेऊन कापड मोजणे. भीतीपोटी आपण एक निरर्थक मापन लाखो वेळा केले.

एकाच पातेल्याचे दोन ताप

कोणत्याही वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. त्यासाठी गन 'सरफेस' म्हणजे पृष्ठभाग मोजण्याच्या स्थितीवर ठेवावी. कपाळाच्या काही गनना फार वरचे आकडे दाखवता येत नाहीत. तशा वेळी पाणी कोमट घ्यावे. चुलीवर वापरले जाणारे अॅल्युमिनियमचे पातेले घ्या. त्याची एक बाजू घासून लख्ख करा, दुसऱ्या बाजूची काजळी तशीच राहू द्या. शिक्षकांनी स्वतः त्यात सुमारे ९० अंशांचे गरम पाणी ओतावे आणि दोन्ही बाजूंवर जवळून गन धरावी. काजळीची बाजू ९० च्या आसपास आकडा दाखवेल. लख्ख बाजू? गणित केले तर, खोलीचे तापमान ३० अंश असताना, तो आकडा सुमारे ३८ यायला हवा. हात लावला तर चटका बसेल असे पातेले गनच्या मते जेमतेम तापलेल्या मुलासारखे आहे!

हा चमत्कार उत्सर्जकतेचा आहे. त्याच तापमानाचा आदर्श कृष्ण पदार्थ जितके प्रारण टाकील त्याच्या किती पट प्रारण एखादा पृष्ठभाग टाकतो, ती त्याची उत्सर्जकता. काजळीची सुमारे ०.९५, पाण्याची ०.९६, माणसाच्या त्वचेची ०.९८, घासलेल्या अॅल्युमिनियमची मात्र ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. चकचकीत धातू स्वतःचे प्रारण कंजूषपणे देतो आणि भोवतालचे परावर्तित करतो. गनला लख्ख बाजूवर पातेले कमी आणि समोरची भिंतच जास्त दिसते. बहुतेक स्वस्त गनमध्ये ०.९५ ही उत्सर्जकता कायमची ठरवलेली असते. धातूवर काळी विजेची चिकटपट्टी लावून किंवा तेलरंगाचा ठिपका देऊन त्या ठिपक्याचे तापमान मोजणे हा यावरचा सोपा उपाय.

त्वचेच्या बाबतीत एक दिलासा आहे. अवरक्ताच्या या पट्ट्यात सर्व वर्णांच्या माणसांची त्वचा जवळपास सारखीच 'काळी' असते. गोरा-सावळा हा भेद डोळ्यांपुरता. गनला तो दिसत नाही. वर्गात हे आवर्जून सांगावे.

पत्र्याच्या वर्गखोल्यांबद्दलही हेच. एप्रिलमध्ये दौंड तालुक्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा ५५ अंशांपर्यंत तापलेला नवा चकचकीत पत्रा खालून मोजला तर गन सुमारे ३९ दाखवू शकेल. आकडा चुकीचा म्हणून गनवर रागावण्यापूर्वी थोडे थांबू या. पत्र्याचे तापमान म्हणून तो चुकीचा आहेच; पण पत्र्याकडून मुलांच्या डोक्यावर प्रारणाने किती उष्णता येते, याचा तो बराचसा खरा अंदाज आहे. गंजलेला पत्रा तितकाच तापला तरी कितीतरी अधिक उष्णता खाली फेकतो. एकच आकडा एका प्रश्नाचे चूक आणि दुसऱ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असू शकतो. उपकरणाला आपण कोणता प्रश्न विचारत आहोत, हे आधी ठरवावे लागते.

कपाळापासून रक्तापर्यंत

तापाच्या बाबतीत आपला प्रश्न असतो: शरीराच्या आतले तापमान किती? गन उत्तर देते ते कपाळाच्या त्वचेचे. निरोगी माणसाच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असले तरी कपाळाची त्वचा साधारण ३२ ते ३५ अंशांत असते आणि वारा, घाम, ऊन, धावपळ यांनुसार बदलते. म्हणून गनमध्ये 'बॉडी' आणि 'सरफेस' अशा दोन स्थिती असतात. 'सरफेस'मध्ये त्वचेचा आकडा जसाच्या तसा दिसतो. 'बॉडी'मध्ये उत्पादकाने ठरवलेल्या सूत्राने त्यात भर घालून शरीराच्या तापमानाचा अंदाज दाखवला जातो.

'अंदाज' हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो. पडद्यावरचा ३६.५ हा मोजलेला आकडा नसून मोजलेल्या आकड्यावरून काढलेले अनुमान असते, आणि ते अनुमान वारा नसलेल्या, सावलीच्या, मध्यम तापमानाच्या खोलीतील शांत बसलेल्या माणसाला गृहीत धरून केलेले असते. आम्ही पाहिलेल्या माहितीपत्रकांत 'एका सेकंदात अचूक' हे शब्द ठळक होते. वापराच्या तापमानाची मर्यादा मात्र बारीक टाइपात, शेवटच्या पानावर. मराठीत तर काहीच नव्हते. ज्या वस्तूचा उपयोग गावोगावच्या शाळांत व्हायचा होता, तिच्याबरोबर एक पानभर मराठी सूचना असू नयेत, ही गोष्ट क्षम्य नाही.

१५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक हीच गन घेऊन उन्हातान्हात घरोघर फिरले. त्यांच्या कष्टांपुढे नतमस्तक व्हावे असे ते काम होते. पण गाडीच्या डिकीत तापलेली गन थेट ओसरीवर काढून वापरली तर काय होते, हे त्यांच्यापैकी किती जणांना सांगितले गेले असेल?

दौंडमधील ती विद्यार्थिनी

दुसरा प्रसंग मार्च २०२२ मधला. दहावीची परीक्षा १५ मार्चला सुरू झाली होती. भीमा ओलांडली की शिरूरमधून आपण दौंड तालुक्यात येतो. तेथील एका परीक्षा केंद्रावर आम्ही परिचितांना भेटायला गेलो होतो. एक मुलगी उन्हातून सायकल मारत घाईघाईने आली. फाटकावर गन ३८.२ दाखवू लागली. पुन्हा धरली, ३८.१. तिला बाजूला बसवण्यात आले. मैत्रिणी पुढे गेल्या. मुलगी रडकुंडीला आली. सुदैवाने एका शिक्षिकाबाईंनी तिला सावलीत पंख्याखाली बसवले, घाम पुसायला लावला, पाणी दिले. दहा-बारा मिनिटांनी काखेतील साध्या डिजिटल थर्मामीटरने तापमान पाहिले, ते ३६.८ निघाले. मुलगी वेळेत वर्गात गेली.

गन टेबलावर उन्हातच पडलेली होती. कोणाची कुचराई नव्हती. सावलीतली जागा परीक्षेच्या बैठक व्यवस्थेने घेतली होती, इतकेच. पण त्या दहा मिनिटांत त्या मुलीच्या मनात काय काय आले असेल! एका हिवाळी सकाळी गनने सगळ्यांना थंड ठरवले, एका तापल्या सकाळी निरोगी मुलीला आजारी. दोन्ही वेळा गनने स्वतःचे काम केले होते. ते समजून घेण्याचे आपले काम राहून गेले होते.

दशांशाचा दिमाख

पडद्यावर दशांश चिन्हानंतर एक अंक दिसतो म्हणून मापन ०.१ अंशापर्यंत अचूक आहे, असा समज सार्वत्रिक आहे. वाचनाची बारकाई आणि अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचेवरील अवरक्त तापमापकांसाठी मान्यताप्राप्त मानकांत प्रयोगशाळेतील त्रुटीची मर्यादा साधारण ०.३ अंश धरतात, आणि तीही आदर्श परिस्थितीत. त्वचेच्या तापमानात एका अंशाची वाढ झाली तर प्रारणात फक्त सव्वा टक्क्याची वाढ होते. इतका सूक्ष्म फरक टिपायचा, तर भिंगावरचा बोटाचा तेलकट ठसासुद्धा काही दशांशांची चूक घडवू शकतो.

आता थोडे अंकगणित. समजा, शाळेत ४०० मुले आहेत आणि त्यांपैकी ४ जणांना खरोखर ताप आहे. समजा, गन चारांपैकी तिघांना ओळखते आणि निरोगी मुलांपैकी शंभरात पाच जणांना चुकून तापाचे ठरवते. म्हणजे ३९६ निरोगी मुलांपैकी सुमारे २० जण अडवले जातील. फाटकावर थांबलेल्या २३ मुलांपैकी खरे आजारी तीनच! आणि एक आजारी मूल हसत वर्गात गेलेले असेल. शिवाय संसर्ग झालेल्या अनेकांना ताप नसतोच. यावरून गन फेकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. तिचा आकडा हा निकाल नसून 'याची आणखी नीट तपासणी करा' एवढी सूचना आहे, असा याचा अर्थ.

गुऱ्हाळातला अनुभव

दौंड तालुक्यातील केडगाव, राहू, पारगाव हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा पट्टा. एका गुऱ्हाळाच्या मालकांनी आम्हाला लेसरची गन दाखवून तक्रार केली की ती काहिलीतल्या पाकाचे तापमान नेहमी कमी दाखवते. गूळ उतरवताना पाक साधारण ११५ ते १२० अंशांवर असतो. पण गन पाहते ती वरच्या फेसाची पातळ, हवेने थंड होणारी साय; आणि मध्ये वाफेचे ढग. त्यातले सूक्ष्म जलबिंदू अवरक्त किरण शोषतात. भिंगावर बाष्प जमते ते वेगळेच. तिथला गुळव्या मात्र पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळवून काहील कधी उतरवायची ते सांगत होता. त्याची कसोटी पाकाच्या अंतरंगाला विचारलेली होती, गनची वरच्या फेसाला. अशा जागी पाकात बुडवता येणारा तापमापकच हवा.

त्याच तालुक्यातून पुणे-सोलापूर रेल्वेमार्ग जातो. गाडी स्थानकात आली की चाकांच्या आसांच्या पेट्या प्रमाणाबाहेर तापल्या आहेत का, हे रेल्वेचे तपासनीस अशाच गनने पाहतात. तेथे ती उत्तम कामी येते, कारण पेट्यांचा पृष्ठभाग रंगवलेला किंवा मळलेला म्हणजे उत्सर्जकता चांगली; आणि प्रश्नही सोपा: या रांगेत इतरांपेक्षा वेगळी, जास्त तापलेली पेटी कोणती? अचूक आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची असते तेथे गन फार चांगली. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे सांभाळणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञालाही हे ठाऊक असेल.

मग वापरावी कशी?

शाळेसाठी काही साध्या गोष्टी सांगतो. मापन करायचे त्या खोलीत गन किमान अर्धा तास आधी काढून ठेवावी. जागा सावलीची, पंख्याच्या थेट झोताबाहेरची असावी. खोलीचे तापमान साधारण १६ ते ४० अंशांच्या आत असावे. नेमकी मर्यादा आपापल्या गनच्या माहितीपत्रकात पाहावी. बाहेरून आलेल्या मुलाला दहा-पंधरा मिनिटे बसू द्यावे. टोपी, रुमाल, केस बाजूला करावेत, घाम टिपून कोरडा करावा. गन 'बॉडी' स्थितीत आणि सेल्सिअसवर आहे ना, हे पाहावे.

अंतराबाबत फार ढिलाई दिसते. कपाळाच्या गन बहुधा ३ ते ५ सेंटिमीटरवरून वापरायच्या असतात. काहींची मर्यादा वेगळी असते. कारखान्याच्या गनवर १२:१ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ १२ सेंटिमीटरवरून ती १ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ पाहते, १२० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरचे. टॉर्चचा झोत जसा दूर जाताना पसरतो तसे. हातभर अंतरावरून धरलेली गन कपाळासोबत केस, भुवया आणि मागची भिंत यांची सरासरी सांगते. गन कपाळाच्या मध्यावर, काटकोनात, स्थिर धरावी. काही सेकंदांच्या अंतराने तीनदा मोजावे. वाचने एकमेकांपासून दूर असतील तर परिस्थितीत गडबड आहे असे समजावे. ३८ च्या जवळ किंवा वर आकडा आला तर साध्या थर्मामीटरने खात्री करावी. आणि मूल मलूल दिसत असेल तर गन काहीही म्हणो, त्याच्याकडे लक्ष द्यावे. भिंग मऊ कापसाने, स्पिरिटचा किंचित ओलावा घेऊन पुसावे आणि सुकू द्यावे. बॅटरीची खूण दिसू लागली की बॅटरी बदलावी.

उरलेल्या वेळी गन विज्ञानाच्या तासाला द्यावी. काचेच्या खिडकीतून बाहेरचे तापमान मोजता येते का? येत नाही, कारण काच या किरणांना अपारदर्शक आहे. गन काचेचेच तापमान सांगते. मात्र पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून हे किरण बरेचसे पलीकडे जातात. सूर्य मावळल्यावर निरभ्र आकाशाकडे गन धरली तर आकडा शून्याखाली जातो किंवा 'लो' येतो. ढग आले की तो झपाट्याने वर चढतो. ढग आणि बाष्प पृथ्वीवर पांघरूण घालतात, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा स्वतः मोजून पाहणे किती वेगळे! फक्त सूर्याकडे गन कधीही रोखू नये.

पुन्हा त्या वहीकडे

शिरूरच्या त्या शाळेत आम्ही नंतर एकदा गेलो. शिक्षकांशी बोलून वहीत दोन रकाने वाढवले: 'खोलीचे तापमान' आणि 'गनने दाखवले ते, जसेच्या तसे'. 'लो' आले तर 'लो' लिहायचे. सातवीतील ती मुलगी आता पुढच्या वर्गात गेली होती. आठवडाभराच्या नोंदी पाहून तिने विचारले, "सर, खोली गार असते त्या दिवशी सगळ्यांचंच कमी येतं. मग हे आमचं तापमान आहे की खोलीचं?"

या प्रश्नात प्रारणाचा अर्धा धडा आला. ३६.४ च्या त्या नीटनेटक्या रांगेतून हा प्रश्न कधीही निघाला नसता, कारण बनवलेल्या आकड्यांत विचारण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. वरून विचारणा होईल या धास्तीने आपण जेव्हा मनचा आकडा लिहितो, तेव्हा एका दिवसाची नोंद बिघडते, पण त्याहून मोठे नुकसान लिहिणाऱ्या हाताचे होते. आरोग्याची, पावसाची, हजेरीची, पोषण आहाराची कितीतरी कोष्टके आपल्या शाळांतून वर जातात. त्यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी, कुठेतरी, कशाकडे तरी पाहून लिहिलेला असावा, एवढी माफक अपेक्षा विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी सोडू नये. आणि वर बसून कोष्टके मागवणाऱ्यांनीही 'लो' किंवा 'मोजता आले नाही' हे उत्तर स्वीकारायला शिकावे. नाहीतर मुलीच्या हातून ३६.४ लिहून घेणारे खरे हात त्यांचेच ठरतील.

आपल्या शाळेच्या कपाटात ती गन असेल तर ती काढा, बॅटरी बदला आणि काळवंडलेले पातेले शोधा. काय दिसले ते आम्हाला अवश्य कळवा, मात्र जसे दिसले तसेच.